बंड्याची सव्वा मूठ

नोकरीची तीस वर्षं मी म्हशींच्या मागच्या बाजूला उभा राहून काढली. सरकारी गुरांचा डॉक्टर. शिंदखेडा, शिरपूर, चोपडा अशा बदल्या होत गेल्या, आणि म्हैस गाभण आहे की नाही हे सांगण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. निवृत्त झालो आणि जळगावात घराच्या पुढच्या खोलीत कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढला. गावात तोवर लॅब्रॅडॉर घरोघर झाले होते. म्हशींच्या मानाने काम हलकं असेल असा माझा अंदाज होता. म्हशीबरोबर तिचा एकच मालक येतो. कुत्र्याबरोबर सगळं घर येतं आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पहिल्या महिन्यात कुत्री माझ्याकडे यायला बघत नसत. दारातच बसकण मारायची, मालक ओढायचा. माझ्या कपड्यांना अजून म्हशीचा वास येतो, असं माझी बायको म्हणे. मग मी एक युक्ती काढली. शेजारी मिठाईचं दुकान आहे, तिथून पेढ्यांचा डबा आणून टेबलाच्या उजव्या खणात ठेवला. तपासताना टेबलाखालून हात घालायचा आणि कोणाला न दिसता कुत्र्याला एक पेढा द्यायचा. दोन महिन्यांत माझं नाव झालं. या डॉक्टरकडे कुत्री शेपटी हलवत जातात, त्यांच्या हातातच काहीतरी आहे, असं लोक बोलू लागले. हातात पेढा आहे हे मी कोणाला सांगितलं नाही. प्रसिद्धी कोणाला नको असते?

आता धंद्यातली एक गोष्ट सोपी करून सांगतो. जनावराला एखादं अन्न सोसत नाही, त्याचे दोन प्रकार. एक म्हणजे पचत नाही. पोट बिघडतं, जुलाब होतात, ते अन्न बंद केलं की थांबतात. दुसरी अ‍ॅलर्जी. त्यात शरीराचा पहारेकरी गोंधळतो आणि रोजच्या जेवणातल्या साध्या पदार्थालाच शत्रू समजून बसतो. मग कुत्रं पंजे चाटतं, कान खाजवतं, कानातून घाण वास येतो, पोटाची कातडी लाल होते. लोकांना वाटतं खरूज झाली. बरं, नवीन काही खाऊ घातलं म्हणून हे होतं असंही नाही. वर्षानुवर्षं जे खातोय तेच एक दिवस अंगावर येतं, आणि हे पटवताना माझ्या घशाला कोरड पडते.

न पचण्याचा नमुना धुळ्याचा. तिथले एक कापडाचे व्यापारी, त्यांच्या मांजरीला सतत जुलाब. मी म्हटलं, दूध बंद करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मांजरीला शाळेत घाला म्हणालो होतो.

"मांजर शे ती, डॉक्टर. दूध नही पिनार तं काय पिनार?"

"पाणी," मी म्हटलं.

पुढचे दोन महिने ते मला भेटले नाहीत. मग एकदा बाजारात दिसले आणि मांजर बरी आहे हे त्यांनी काहीसं नाराजीनेच सांगितलं. मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही, यावर मी त्यांना भर रस्त्यात दहा मिनिटं व्याख्यान दिलं. हे व्याख्यान लक्षात ठेवा. माझी अक्कल किती होती ते पुढे कळेल.

अ‍ॅलर्जीचा नमुना मात्र मला आठवायला आवडत नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका दुकानदाराचा जिमी नावाचा कुत्रा माझ्याकडे यायचा. अंगभर खाज. मी इंजेक्शन द्यायचो, महिनाभर बरं, पुन्हा तेच. तो काय खातो हे मी एकदाही विचारलं नाही. म्हैस चारा खाते, कुत्रा भाकरी खातो, त्यात विचारायचं काय, असं मला वाटे. शेवटी कंटाळून मी म्हणालो, याची कातडीच खराब आहे, इलाज नाही. दुकानदाराने त्याला शिरपूरच्या पुढे डोंगराकडच्या एका शेतावर नेऊन सोडलं. माझ्या एका वाक्यावर त्या कुत्र्याचं घर गेलं. पुढे त्याचं काय झालं हे विचारायची मला हिंमत झाली नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

त्यामुळे बंड्या आला तेव्हा मी सावध होतो.

बंड्या म्हणजे पाच वर्षांचा पिवळट लॅब्रॅडॉर. त्याच्याबरोबर तिघं आले होते. आबा, म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांच्या पत्नी अक्का, माहेर शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातलं आणि बोली तिथलीच, जळगावात चाळीस वर्षं काढूनही जशीच्या तशी. आणि मुलगा प्रशांत, जो बोलण्याआधीच घड्याळ बघायचा. बंड्याचे पंजे चाटून चाटून तपकिरी झाले होते, कान सुजले होते.

"डॉक्टर, स्पष्ट बोलतो," प्रशांत म्हणाला. "बायको बाळंतपणाला माहेरी शिरपूरला आहे. मुलगा झालाय. पोळ्याच्या आधी दोघं घरी येतील. बाळाजवळ असा कुत्रा मी ठेवणार नाही. तोवर याचं अंग साफ झालं तर ठीक, नाहीतर चोपड्याला आमच्या केळीच्या मळ्यात राखणीला पाठवतो."

बंड्या राखण कसली करणार? चोराला शेपटी हलवत घडापर्यंत नेऊन सोडेल. पण माझ्या डोळ्यांपुढे जिमी आला. हा आजार बाळाला लागत नाही, हे मी प्रशांतला सांगून पाहिलं. त्याने पुन्हा घड्याळ बघितलं.

अक्का बंड्याच्या डोक्यावर हात ठेवून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हाऊ कुत्रा नही शे डॉक्टर. मना घरना माणूस शे."

मी सगळा आहार लिहून घेतला. सकाळी दूधपोळी, दुपारी पिशवीतलं चिकनचं तयार खाद्य, संध्याकाळी पुन्हा दूधपोळी. मधल्या वेळेत आबांच्या ताटातली पोळी, प्रशांतच्या हातची पोळी आणि अक्कांच्या हातची ती कोणी मोजलेलीच नाही. मी पेन खाली ठेवलं आणि निकाल दिला, गहू. तपासाआधीच निकाल देणं ही माझी जुनी खोड.

तपास असा असतो. रक्त काढून या रोगाचा पत्ता लागत नाही. कुत्र्याने आयुष्यात कधी खाल्लेलं नाही असं अन्न शोधायचं आणि आठ आठवडे फक्त तेच द्यायचं, दुसरा कण नाही. खाज गेली, तर दोषी जुन्या जेवणात आहे हे ठरलं. मग जुने पदार्थ एकेक करून परत द्यायचे आणि कशाने खाज येते ते पाहायचं. ही शेवटची पायरी कोणी करत नाही. बरा झालेला कुत्रा कोण मुद्दाम खाजवायला लावेल?

बंड्याने न खाल्लेलं अन्न निघालं मासे आणि रताळं. अडचण एकच होती, घर शुद्ध शाकाहारी, पिशवीतलं कोरडं चिकन तेवढं ते धरत नसत. अक्कांनी बराच विचार केला आणि निर्णय दिला की मासा स्वयंपाकघरात येणार नाही, गच्चीवर वेगळी चूल, वेगळं पातेलं, आणि शिजवायचं आबांनी. ज्या माणसाने अंडंसुद्धा कधी हातात धरलं नव्हतं, तो माणूस रोज सकाळी गच्चीवर चष्मा लावून उकडलेल्या रोहूचे काटे काढू लागला. पहिल्या दिवशी त्यांनी काटे मोजले, असं अक्का सांगत होत्या. आबांनी आणखी एक केलं. रोज सकाळी सात ते साडेसात बंड्या किती वेळा खाजवतो हे मोजून ते आलेखाच्या कागदावर टिंब मांडू लागले.

दोन आठवड्यांनी ते तपासणीला आले. बंड्या बराच बरा होता. मी पाठ थोपटली, त्याची आणि मनातून माझी. चारच दिवसांत आबांचा फोन आला, "डॉक्टर, आलेख वर गेलाय."

पुन्हा उतरला. चौथ्या आठवड्यात पुन्हा तपासणी, आणि पुन्हा तिसऱ्या दिवशी फोन, आलेख वर. आता माझा संयम सुटला. सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं आणि चौकशी बसवली. कोणीतरी चोरून खायला घालतंय, कोण ते सांगा.

आधी प्रशांतने हात वर केला. पहिल्या आठवड्यात एकदा पोळीचा तुकडा दिला होता, फक्त एकदाच. आबांनी कबूल केलं की रताळं शिजवताना चिमूटभर मीठ घातलं, कारण अळणी त्यांनाच बघवत नव्हतं. समोरच्या बंगल्यातल्या काकू फाटकातून काही टाकतात का, तर त्यांना आबांनी आधीच लेखी सूचना दिली होती. राहिल्या अक्का. मी त्यांच्याकडे वळलो. घरातल्या आजीवर संशय घ्यायचा हा आमच्या धंद्यातला नियमच आहे, आणि दहातल्या नऊ वेळा तो खरा निघतो.

"अक्का, पोळी दिलीत ना?"

"मी पोयी दिधी नही."

"एखादा तुकडा, सवयीने?"

अक्का उठून उभ्या राहिल्या. "डॉक्टर, तुमना आठेथून घर ऊना का दोन-तीन दिसमा तो खाजाडस. तुमनाच दवाखानामा काही शे. तुम्ही बठ्ठास्ले इचारतस, सोताले इचारा."

मी हसलो. चक्क हसलो. सगळ्यांना विचारता, तसं स्वतःलाही विचारा, असं मला पहिल्यांदाच कोणी सुनावलं होतं. दवाखान्याची नजर वगैरे काही नसतं, असं समजावायला गेलो. अक्का पदर सावरत बाहेर पडल्या आणि जाताना म्हणाल्या की त्या पुन्हा इथे पाय ठेवणार नाहीत. बंड्याला मात्र निघायचं नव्हतं. तो टेबलाच्या उजव्या बाजूला नाक लावून बसला होता. त्याला माझा लळा लागलाय असं मी प्रशांतला सांगितलं आणि नेहमीप्रमाणे टेबलाखालून हात पुढे केला.

या वेळीही तिसऱ्या दिवशी आलेख चढला आणि आठवड्यात उतरला. त्यानंतर अक्का हटून बसल्या, त्यामुळे तपासणी फोनवर. आबा बंड्याच्या पंजांचे फोटो पाठवायचे, खाली आकडा. नऊ. सहा. चार. दोन. आठवा आठवडा संपला तेव्हा पंजे स्वच्छ, कान कोरडे, नवीन केस. माझ्या रागावण्याचा चांगला परिणाम झाला, असं मी बायकोला जेवताना सांगितलं. अक्का दवाखान्यात यायच्या बंद झाल्या आणि बंड्या बरा झाला, या दोन गोष्टी शेजारीशेजारी माझ्यापुढे होत्या. मला त्यातली फक्त दुसरी दिसली.

मधल्या काळात श्रावण लागला होता. श्रावणात गच्चीवर मासा कसा चालतो, असं मी आबांना विचारलं. त्यावर अक्कांनी म्हणे घरात जाहीर केलं होतं की श्रावण माणसांना असतो, बंड्या कुत्रा आहे.

मग कानबाई आली. आमच्या खान्देशातला हा देवीचा सण बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, आणि तिचा प्रसाद म्हणजे रोट. अक्कांच्या घरची रीत अशी की घरात जितके पुरुष, तितक्या वेळा नाव घेऊन सव्वा मूठ गहू घ्यायचा, तो दळून गुळाच्या पाण्यात भिजवून रोट तळायचे. रोट खायचे ते फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा.

सोमवारी सकाळी आबांचा फोन आला. त्यांचा आवाज उतरलेला होता.

"डॉक्टर, गोंधळ झालाय. पुरुष आम्ही तीन. मी, प्रशांत आणि नातू. हिने मुठी घेतल्या चार."

"चौथी कोणाची?"

"बंड्याची."

मागून अक्कांचा आवाज आला, "बठ्ठास्नी लिधी, त्यानीच कशी सोडू?"

श्रावणात कुत्रा असलेला बंड्या कानबाईला पुरुषांत मोजला गेला होता. प्रश्न मात्र खरा होता. त्याच्या नावाचे दोन रोट ताटात होते. ते दुसऱ्याने खायचे नाहीत, टाकायचे नाहीत, बाहेर द्यायचे नाहीत. आणि रोट म्हणजे शुद्ध गहू, ज्याला मी दोन महिने गुन्हेगार ठरवत आलो होतो. प्रशांत फोन घेऊन म्हणाला की कुत्र्याची मूठ हा वेडेपणा आहे, आणि हे खाऊन तो खाजवायला लागला तर पोळ्याच्या आधी गाडी चोपड्याला जाईल.

नाही म्हणणं सोपं होतं. पण शेवटची पायरी माझ्यापुढे चालत आली होती. गहू परत देऊन पाहिल्याशिवाय गहूच दोषी हे सिद्ध होत नाही. आणि खरं सांगतो, मला आणखी एक गोष्ट अडवत होती. अक्कांच्या स्वतःच्या नावाची मूठ त्या ताटात नव्हती. बायकांची नसतेच. जिच्या नावाची मूठ नाही, तिने कुत्र्याच्या नावाची घेतली होती. तिला नाही म्हणायला माझी जीभ उचलेना.

"मोहन तुपाचं घातलं की तेलाचं?" मी विचारलं.

"तेलनं," मागून अक्का म्हणाल्या.

"मग द्या. नुसता रोट. दूध नाही, दही नाही, खीर नाही. दोन दिवसांत दोन रोट. मग चौदा दिवस मासा आणि रताळंच, आणि आबा, टिंब मांडत राहा."

ते चौदा दिवस मला जड गेले. रोज सकाळी पावणेआठला फोन वाजायचा आणि मी तो पहिल्याच घंटीला उचलायचो. दोन. एक. दोन. एक. शून्य. चौदाव्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात बोलावलं. अक्का यायला तयार झाल्या, बहुधा मला बघायलाच.

बंड्या आत आला तो थेट माझ्या टेबलाच्या उजव्या बाजूला. मी कान तपासले, पंजे उलटे करून पाहिले, पोट पाहिलं. कुठे लाल ठिपका नाही. गहू निर्दोष होता. म्हणजे अक्कांची पोळी निर्दोष होती. मी अक्कांची माफी मागितली. आबांनी आलेखाचा लांबलचक कागद टेबलावर पसरला आणि पट्टी ठेवून समजावू लागले. मी ऐकत होतो, आणि सवयीने माझा उजवा हात खणात गेला होता.

"ही तीन टोकं पाहा," आबा म्हणाले. "तिन्ही टोकांच्या तीन-चार दिवस आधी मी 'द' लिहिलाय. द म्हणजे दवाखाना. त्यानंतर आम्ही आलोच नाही, टोकही नाही. योगायोग असावा, पण गणिताच्या माणसाला योगायोग आवडत नाही."

माझ्या बोटांत पेढा होता. पेढा म्हणजे आटवलेलं दूध. मांजरीला दूध देऊ नका म्हणून भर रस्त्यात व्याख्यान देणारा डॉक्टर मीच, आणि दर तपासणीला बंड्याला दूध चारणारा हातही माझाच.

ही गोष्ट मला आणि बंड्याला सोडून कोणालाच माहीत नव्हती. पेढा हळूच डब्यात टाकला असता तर माझं नाव शाबूत राहिलं असतं. बंड्या बरा, प्रशांत खूश, सगळे घरी. पण चार दिवसांनी त्या घरात बाळ येणार होतं. दुधाच्या वाट्या, सांडलेले थेंब, बाळाची बाटली, आणि ते सगळं चाटायला बंड्या. पंधरा दिवसांत पंजे पुन्हा तपकिरी झाले असते, आणि मग चोपडा. एकदा नको ते बोलून मी एक कुत्रा घालवला होता, आता गप्प राहून दुसरा घालवायचा नव्हता.

मी हात वर काढला आणि पेढा आलेखाच्या कागदावर ठेवला. मग खण ओढून डबाही ठेवला.

"दर वेळी एक," मी म्हणालो. "टेबलाखालून. घरचं दूध तुम्ही बंद केलंत, माझं चालूच राहिलं."

प्रशांतने पहिल्यांदाच घड्याळ न बघता माझ्याकडे बघितलं. आबांनी खिशातून पेन काढलं आणि तिन्ही 'द' शेजारी बारीक अक्षरात 'पेढा' लिहिलं.

"म्हणजे कारण दूध," प्रशांत म्हणाला.

"बहुतेक दूधच. ते पुन्हा देऊन पाहा, असं मी आता सांगणार नाही. बाळाचं दूध सांडलं की लगेच पुसायचं, बंड्याला चाटू द्यायचं नाही. पोळी खुशाल द्या."

"मग मळ्यासाठी गाडी सांगत नाही," तो म्हणाला आणि बंड्याच्या मानेवर हात ठेवला. त्याचा हात बराच वेळ तिथेच होता.

अक्कांनी डबा स्वतःकडे ओढला, एक पेढा उचलून तोंडात टाकला आणि शांतपणे खाल्ला. "ग्वाड शे," त्या म्हणाल्या. "पन मी सांगेल व्हतं."

त्या दिवसापासून माझ्या खणात उकडलेल्या रताळ्याचे काप असतात. कुत्री पूर्वीइतकी शेपटी हलवत येत नाहीत, दोन-चार तर दारातच बसतात. मी आता सगळ्यांना पहिला प्रश्न विचारतो तो हा, की तुम्ही काय दिलं ते नंतर, आधी मी याला काय दिलं ते आठवून सांगा. लोकांना वाटतं, डॉक्टरांचं वय झालं.

यंदा कानबाईला अक्कांनी दर्शनाला बोलावलं. गेलो. नातू आता चालतो, म्हणजे बंड्याची पाठ धरून चालतो आणि तो बसला की हाही बसतो. मुठी किती घेतल्या हे मी विचारलं नाही, ताटातल्या रोटांवरून दिसतच होतं. बंड्या माजघराच्या उंबऱ्यावर बसून आपल्या वाटणीचा रोट सावकाश खात होता. मला रोट मिळणार नव्हता, कारण मी भाऊबंद नाही. माझ्यासाठी अक्कांनी चहा आणला. चहा कोरा होता. दूध संपलं होतं की मुद्दाम घातलं नव्हतं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी तो निमूट प्यायलो.